गुण हवेत की नकोत

नोरीन सिकोरा कशी आहे, असं सरोवराकाठच्या ईरी गावात कुणालाही विचारलं असतं, तर पहिलं उत्तर 'दमलेली' असंच आलं असतं. सरोवरावरून येणारा बर्फ नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत पिच्छा सोडत नाही, पण निदान एप्रिलनंतर तरी तो जातो. नोरीनचा थकवा बारमाही. चाळिशीच्या उंबरठ्यावरची ही बाई उभ्या उभ्या पाच मिनिटं डोळे मिटू शकायची आणि कुणी हाक मारली की लगेच 'हं, बोला' म्हणायची, जणू झोप नव्हतीच ती.

काम डायलिसिस केंद्रात. उजाडायच्या आधी यंत्रं सुरू करायची, नळ्या धुऊन घ्यायच्या, मग पेशंट येतील तसतशी त्यांची वजनं घ्यायची, खुर्चीत बसवायचं, दंडात दोन सुया घालायच्या आणि चार तास त्यांच्या आसपास फिरत राहायचं. कुणाचा रक्तदाब घसरतो, कुणाच्या पायात गोळे येतात, कुणाला नुसतंच बोलायचं असतं. रक्त बाहेर जाऊन परत आत येतं तेव्हा थंडी वाजते, म्हणून प्रत्येकजण घरून पांघरूण आणतो. तीच माणसं, तीच पांघरुणं, आठवड्यातून तीनदा. वर्षानुवर्षं.

नोरीन कॉलेजात असताना आई गेली आणि वडिलांसाठी ती 'थोडे दिवस' म्हणून घरी आली. वडील लेनर्ड इंजिनांच्या कारखान्यात वेल्डिंग करून निवृत्त झालेले, फुप्फुसं त्या धुरात गेलेली. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. पदवी तिने संध्याकाळच्या वर्गांना जाऊन, रडतखडत पुरी केली. लग्न एकदा ठरता ठरता राहिलं, त्याबद्दल ती बोलत नसे.

डॉक्टर व्हायचं कधी मनात आलं, हे तिला नीट सांगता यायचं नाही. एवढंच की केंद्रात डॉक्टर यायचे, चाकांच्या टेबलावरचा लॅपटॉप ढकलत खुर्च्यांच्या रांगेतून जायचे आणि निघून जायचे. मग पेशंट तिला विचारायचे, आणि नियमाप्रमाणे तिने म्हणायचं, "ते तुम्ही डॉक्टरांना विचारा." हे वाक्य बोलून बोलून तिच्या तोंडाला कोरड पडली. आपणच तो माणूस व्हावं, ज्याच्याकडे बोट दाखवतात, असं तिला एके दिवशी वाटलं आणि त्यानंतर ते वाटणं गेलं नाही.

त्यासाठी प्रवेश परीक्षा. अख्खा दिवस संगणकासमोर. सकाळी रसायन आणि भौतिक, मग उतारे वाचून उत्तरं, मग जीवशास्त्र आणि सगळ्यांत शेवटी, डोकं पिळून काढलेल्या फडक्यासारखं झालेलं असताना, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र. आणि ते संपलं की पडद्यावर एक प्रश्न येतो, जो कुठल्याच पुस्तकात नाही: या परीक्षेचे गुण तुम्हाला हवेत, की ही परीक्षा रद्द करायची? रद्द म्हटलं की संपलं. पेपर कुणी तपासत नाही, कुठल्या कॉलेजाला कळत नाही, तुम्हाला स्वतःलाही कधी कळत नाही. फक्त आयुष्यात किती वेळा बसायचं याला मर्यादा आहे, त्यातली एक वेळ खर्ची पडते.

नोरीन तीनदा बसली होती आणि तिन्ही वेळा तिने रद्द केलं होतं.

घरी येऊन सांगायची, "बरा गेला नाही." केंद्रात सांगायची, "पुढच्या वेळी बघू." कारणंही होती, आणि ती खोटी नव्हती. पहिल्या वेळी लेनर्डना न्यूमोनिया झाला होता, दुसऱ्या वेळी केंद्रातल्या दोघींनी एकदम नोकरी सोडली आणि त्यांच्या पाळ्या हिने अंगावर घेतल्या, तिसऱ्या वेळी छप्पर गळायला लागलं. बिचारीचं नशीबच तसं, असं सगळे म्हणायचे. नापास झाली असं मात्र कुणाला म्हणता यायचं नाही.

चौथ्या खेपेची तारीख मे महिन्याच्या शेवटची होती.

रसायनाची तिला भीती नव्हती. तिची दांडी उडायची ती शेवटच्या विभागात. तसं तिथे पाठांतरच जास्त. माणसं वागतात तशी का वागतात, याला पुस्तकाने नावं दिलेली आहेत, ती नावं आणि त्यांच्यातले बारीक फरक माहीत असले की झालं. नोरीनने त्याची कार्डं केली होती. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि त्याखाली ओळखीतलं एक उदाहरण. परीक्षेला बसणारी सगळीच मंडळी अशी कार्डं करतात. पण बाकीच्यांना विचारायला मित्रमैत्रिणी असतात, नोरीनला तिचे पेशंट होते. हात मोकळा असेल तेव्हा ती कार्डांचा गठ्ठा कुणाच्या तरी मांडीवर ठेवायची आणि यंत्राचे आकडे टिपता टिपता उत्तरं द्यायची.

"इथे सगळे सुईला बांधलेले आहेत म्हणून," तिची सहकारी योलांडा म्हणायची. "नाहीतर तुझं हे पुराण ऐकायला कोण बसलं असतं, बाई."

सगळ्यांत हौसेने विचारायचे ते ऑर्विल टीग. जन्मभर शहराची बस चालवलेला हा माणूस बायको गेल्यावर आणखी बडबडा झाला होता. पाणी मोजून प्यायला सांगितलेलं, तरी प्रत्येक वेळी वजन वाढवून यायचे आणि काट्याकडे बघत म्हणायचे, "तुमचा काटाच जुना आहे." कार्ड वाचताना ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि पुस्तकाशी भांडायचे.

एकदा विषय निघाला भूमिकासंघर्ष आणि भूमिकाताण यांचा. नोरीनचं हे दर सराव परीक्षेत चुकायचं.

"थांब," टीग म्हणाले. "मी बस चालवायचो. वेळेवर पोचायचं, आणि काठी टेकत येणाऱ्या म्हातारीसाठी थांबायचंही. दोन्ही माझंच काम. हे काय झालं?"

"भूमिकाताण. एकाच भूमिकेतली ओढाताण."

"आणि रविवारी डेपो म्हणायचा ये, बायको म्हणायची जाऊ नको?"

"तो संघर्ष. दोन वेगळ्या भूमिका."

"मग येतंय की तुला."

"तुम्ही विचारलं की येतं, मिस्टर टीग. पडद्यावर आलं की नाही येत."

कारण तिला ठाऊक होतं. पडद्यावर नेहमी कुणीतरी बाई असायची, आजारी आईचं करणारी किंवा मुलांना सांभाळून शिकणारी. चार ओळींत तिची गोष्ट सांगितलेली असायची. नोरीन त्या चार ओळींवर थांबायचीच नाही. ती त्या बाईच्या खुर्चीत जाऊन बसायची. मग आईला आज जेवण कोण देणार, बस किती वाजता, शेजारीण चांगली आहे का, हे सगळं सुरू व्हायचं, आणि आतून बघितलं की ताण काय नि संघर्ष काय, सगळं एकाच बोचक्यात कोंबलेलं. पेशंट उपचार का चुकवतो, असा प्रश्न आला की तिच्या डोळ्यांसमोर दहा माणसं उभी राहायची, दहाही वेगवेगळ्या कारणांची. प्रश्नाला हवं असायचं एकच नाव, आणि ते उताऱ्यातच सांगितलेलं असायचं. पुस्तकाचं चुकत होतं असं नाही. नोरीनला विचारलेलं सोडून न विचारलेल्याचंच उत्तर द्यायची सवय लागली होती.

परीक्षेला आठवडा राहिला असताना केंद्राच्या व्यवस्थापक बाईंनी सगळ्यांना गोळा करून विचारलं की एकजण अचानक सुट्टीवर गेला आहे, त्याच्या पाळ्या कोण घेणार. सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे राहिले. नोरीन म्हणाली, "मी घेते."

योलांडाने तिला औषधांच्या कपाटाकडे ओढत नेलं. "परीक्षा कधी आहे तुझी?"

"शनिवारी."

"आणि तू शुक्रवार संध्याकाळपर्यंत इथे सुया टोचणार?"

"कुणीतरी घ्यायलाच हव्यात ना. पेशंटना सांगायचं का, या आठवड्यात रक्त धुणार नाही म्हणून?"

योलांडाने तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि काही न बोलता हातमोजे चढवून निघून गेली. योलांडा न बोलता गेली म्हणजे काहीतरी बिनसलं, हे नोरीनला कळलं, पण तेवढ्यात एक यंत्र कोकलायला लागलं.

त्याच दिवशी टीगांच्या मांडीवर कार्डांचा गठ्ठा होता. ते एक एक काढत होते. एका कार्डाशी थांबले. पुढून बघितलं, मागून बघितलं, चष्मा खाली आणून पुन्हा वाचलं.

"आत्म-अडथळा," त्यांनी मोठ्याने वाचलं. "अपयश आलंच तर दोष आपल्या कुवतीवर येऊ नये, म्हणून माणूस आधीच आपल्या वाटेत अडचण उभी करून ठेवतो. बरोबर लिहिलंयस?"

"बरोबर आहे. पुढचं घ्या."

"खाली उदाहरण नाही."

"सुचलं नाही."

"बाकी सगळ्यांवर आहे," टीग म्हणाले. "अतिआत्मविश्वासाच्या कार्डावर माझं नाव आहे, ते मी बघितलं. राग नाही. कपड्यांवरून माणूस जोखण्यावर तुझी मावशी आहे. इथे कुणीच नाही?"

"सांगितलं ना, सुचलं नाही म्हणून."

टीगांनी कार्ड गठ्ठ्यावर ठेवलं, पण उलटं केलं नाही. "तू या आठवड्यात त्या पोराच्या पाळ्या घेतल्यास म्हणे."

नोरीनने यंत्राचा आकडा टिपला, मग तोच पुन्हा टिपला. "माझे वडील खरोखर आजारी होते, मिस्टर टीग. न्यूमोनिया मी घरी आणला नव्हता. छपराला भोक मी पाडलं नव्हतं."

"नाहीच पाडलंस. मी कुठे तसं म्हटलं?" ते सावकाश बोलत होते, जणू एखाद्या उतारूला कुठल्या थांब्यावर उतरायचं ते समजावून सांगत होते. "पण त्या दिवशी शेवटी पडद्यावर बटण दाबलं, ते न्यूमोनियाने दाबलं का, पोरी?"

तिने गठ्ठा उचलला आणि दुसऱ्या खुर्चीकडे गेली.

उरलेला वेळ ती त्यांच्याशी बोलली नाही. मनात मात्र भांडत होती. हे कोण मला सांगणारे, ज्यांना एक पेला पाणी कमी पिता येत नाही. पण वेळ संपल्यावर सुया काढायच्या असतात, आणि सुई काढली की त्या जागी कापसाची पट्टी दाबून धरावी लागते, रक्त थांबेपर्यंत. बाकीचे पेशंट आपलं आपण धरतात. टीगांची बोटं सांध्यांनी वाकलेली, त्यांना दाब देता यायचा नाही, म्हणून दर वेळी नोरीनच धरायची. त्या दिवशीही धरावी लागली. राग आलेला असताना ज्याच्यावर राग आहे त्याचाच दंड धरून उभं राहायचं, आणि हलता येत नाही. बोटांखाली त्यांची नस थरथरत होती.

"तुला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं," टीग शेवटी म्हणाले.

"नाही लागलं."

"बरं."

रक्त थांबलं. तिने पट्टी चिकटवली, त्यांना उठवून वजनकाट्यापर्यंत नेलं, त्यांचं पांघरूण घडी करून पिशवीत घातलं. ते गेले. ती रिकाम्या खुर्चीवर जंतुनाशक फिरवत राहिली, आणि खुर्ची कोरडी झाली तरी फिरवत राहिली.

तिला तिन्ही वेळचे ते पडदे आठवत होते. प्रत्येक वेळी हात माऊसवर ठेवताना ती मनातल्या मनात कारणाची उजळणी करायची. डॅडला न्यूमोनिया. दोन माणसं कमी. छप्पर. कारण म्हटलं की हाताला बळ यायचं. पण पेपर खरोखर कसा गेला होता? ते तिला माहीत नव्हतं. तिन्ही वेळा नव्हतं. वाईटच गेला असेल, असं तिने धरून चाललं होतं, आणि वाईट गेला तो अमुकमुळे, हेही. दोन्ही गोष्टी तपासायची वेळच तिने येऊ दिली नव्हती. आता हा शनिवार आला असता, शुक्रवारपर्यंतच्या पाळ्यांनी ती मोडून गेली असती, आणि पडद्यासमोर म्हणाली असती, एवढं काम करून कुणाला जमलं असतं? खरंच होतं ते. म्हणून तर सोयीचं होतं.

ती योलांडाकडे गेली आणि खाली बघत म्हणाली की गुरुवार-शुक्रवारच्या पाळ्या तू घेशील का.

"मला वाटलं होतं तू मेल्यावरच विचारशील," योलांडा म्हणाली. "घेते. पण बदल्यात जुलैतला माझा एक रविवार तुझा. धर्मादाय नाही इथे."

घरी तिने लेनर्डना सांगितलं की दोन दिवस सुट्टी घेतली आहे, आणि परीक्षा पिट्सबर्गला असल्यामुळे शुक्रवारी दुपारीच तिथे जाऊन राहणार आहे. ते खिडकीजवळ ऑक्सिजनची नळी नाकाला लावून बसले होते.

"मग जेवणाचं तुझं—" तिने सुरुवात केली.

"मी काय कुकुलं बाळ आहे? फ्रीजमध्ये पिएरोगी आहेत, गरम करता येतात मला." त्यांनी धाप आवरली. "डॉक्टरीणबाई, जायचं तर जा. पण परत येऊन 'बरा गेला नाही' असं मला सांगू नकोस. मला त्याचा कंटाळा आलाय."

"आणि खरंच बरा गेला नाही तर?"

"तर किती बरा गेला नाही, ते सांग."

ते रागाने बोलले नव्हते. नोरीनला वाटलं, आपण एकट्याच दमलो आहोत असं आपण समजत होतो.

शनिवारी सकाळी परीक्षा केंद्रात तिने खिसे उलटे करून दाखवले, तळहाताचा ठसा दिला, घड्याळ आणि फोन कपाटात ठेवला. सगळ्या पोराटोरांत तीच मोठी. तिच्या शेजारचा एक जण पाय इतका हलवत होता की टेबल थरथरत होतं. रसायन झालं. उतारे झाले, ते कठीण गेले. जेवणाच्या सुट्टीत तिने अर्धं सँडविच खाल्लं आणि उरलेलं गुंडाळून ठेवलं. जीवशास्त्र बरं गेलं, किडनीवरचा एक उतारा तर ओळखीचा माणूस भेटावा तसा भेटला.

मग शेवटचा विभाग. डोळ्यांत वाळू, मान दगडासारखी. मधेच तो उतारा आलाच: शाळेत शिकवणारी बाई, घरी स्मृती गेलेली आई. नोरीन सवयीने तिच्या खुर्चीत जाऊन बसली. आईला सकाळी कोण बघतं, शाळेतून फोन आला तर ही काय करते. मग तिने स्वतःला थांबवलं. ही बाई ती आहे, मी नाही. तिच्या घरात काय चाललंय ते मला माहीत नाही, मला चार ओळी माहीत आहेत. ती त्या खुर्चीतून उठली आणि चार ओळी पुन्हा वाचल्या. उत्तर दिलं. बरोबर होतं की नाही, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या काही प्रश्नांतली नावं ओळखीची वाटून हाताला लागली नाहीत. दोन ठिकाणी तिने सरळ डोळे मिटून खूण केली.

वेळ संपली. पडदा बदलला. गुण हवेत, की रद्द करायचं?

तिने माऊसवर हात ठेवला आणि सवयीने कारण शोधलं. डॅड बरे होते. छप्पर नवं होतं. दोन दिवस ती झोपली होती, कधी नव्हे इतकी. बाहेर स्वच्छ ऊन होतं. दमली होती, पण दिवसभर बसलेला कोणीही दमतो तेवढीच. कुणाच्या गळ्यात घालावं असं काहीही नव्हतं. हात इतका जड तिला कधीच वाटला नव्हता. जो काही पेपर झाला होता तो तिचा, एकटीचा होता. शेजारचा पोरगा केव्हाच उठून गेला होता. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ सरकत होता, तो सरला असता तर निर्णय आपोआप झाला असता, म्हणजे पुन्हा तिने न घेतलेलाच.

तिने 'गुण हवेत' दाबलं. पडद्याने पुन्हा एकदा विचारलं, नक्की? तिने पुन्हा दाबलं.

आनंद वगैरे काही झाला नाही. उत्तरेकडे गाडी चालवताना डोळे मिटायला लागले, म्हणून वाटेतल्या एका विश्रांतीच्या थांब्यावर तिने गाडी लावली आणि भर दुपारच्या उन्हात स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपली. उठली तेव्हा गालावर त्याचा वळ उठला होता.

गुण यायला महिना लागतो. तेवढ्या दिवसांत काही बदललं नाही. टीग दोन किलो जास्त वजन घेऊन आले आणि त्यांनी काट्याला नावं ठेवली. नोरीनने त्यांना एवढंच सांगितलं की या वेळी ठेवलाय पेपर. त्यांनी मान हलवली आणि बर्फाचे तुकडे मागितले, तिने थोडेच दिले.

ज्या दिवशी गुण आले, त्या दिवशी ती संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. हात पुसून तिने फोन उघडला. आकडा दोनदा वाचला.

"काय?" खिडकीपासून लेनर्डनी विचारलं.

तिने आकडा सांगितला.

"कितीपैकी?"

तेही सांगितलं. लेनर्ड हिशेब करत राहिले. "म्हणजे मधलं," ते म्हणाले.

"मधलं. शेवटच्या विभागात सगळ्यांत कमी."

"मधल्यावर डॉक्टर होता येतं का?"

"काही कॉलेजांना विचारता येईल. घेतीलच असं नाही."

"आणि नाही घेतलं तर?"

"नाही घेतलं तर पुन्हा बसता येईल. किंवा नाही बसायचं. मला माहीत नाही, डॅड."

ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. तिला वाटलं होतं, आकडा कळला की काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. आकडा कमी होता. तिला ते लागलं. पण पहिल्यांदाच तिच्या हातात काहीतरी होतं, ज्यात अमुक जमतं आणि अमुक जमत नाही, एवढं दिसत होतं.

"उद्या केंद्रात सगळे विचारतील," ती म्हणाली. "रांगेतला प्रत्येक जण."

"मग सांग."

"प्रत्येकाला?"

"मग काय लपवायचंय? मधला आकडा आहे," लेनर्ड म्हणाले. त्यांनी नळी नीट केली, थोडा श्वास घेतला. "मलाही सांगितलास ना. मी काही मेलो नाही."

नोरीन हसली नाही, पण उठलीही नाही. उरलेली भांडी तशीच राहिली. बाहेर अजून उजेड होता आणि सकाळी लवकर यंत्रं सुरू करायची होती, म्हणून ती उजेडातच झोपायला गेली.